आज कुठला ‘डे’ आहे? जगभरातले भन्नाट दिवस, त्यांच्या मागच्या गोष्टी आणि फॉरवर्ड करण्याआधी बघायच्या चार खुणा

शनिवार सकाळ. चहा हातात, मोबाईल दुसऱ्या हातात. ग्रुपवर पहिला मेसेज ‘शुभ सकाळ’चा, दुसरा कुठल्यातरी ‘डे’चा. आज बटाटा दिवस, उद्या मिठी दिवस, परवा समुद्री चाच्यांसारखं बोलायचा दिवस. यातला कुठला खरा, कुठला कुणीतरी गंमत म्हणून काढलेला आणि कुठला शुद्ध थाप, हे कळायला मार्ग नसतो. आपण एक स्माईली टाकतो आणि मेसेज पुढे ढकलतो.

हे दिवस ठरवतं तरी कोण? त्याचं एक असं ऑफिस नाही. बहुतेक दिवसांच्या जन्मदाखल्यावर चारपैकी एक नाव सापडतं : मित्रांची थट्टा, सिनेमा-टीव्ही, धंदा किंवा सरकारी ठराव. विकेंड आहे, घाई नाही. एकेक करून बघू.

थट्टेतून जन्मलेले दिवस

१९ सप्टेंबर : चाच्यांसारखं बोलायचा दिवस. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जॉन बॉर आणि मार्क समर्स हे दोन मित्र १९९५ साली रॅकेटबॉल खेळत होते. खेळता खेळता दोघं सिनेमातल्या समुद्री चाच्यांच्या थाटात ओरडायला लागले आणि असा एक दिवसच हवा, असं त्यांनी ठरवून टाकलं. तारीख निवडली समर्सच्या घटस्फोटित बायकोच्या वाढदिवसाची. कारण काय, तर ती त्याच्या लक्षात राहणारी होती. सात वर्षं हा दिवस त्यांच्या मित्रमंडळातच साजरा होत होता. २००२ मध्ये डेव्ह बॅरी या लोकप्रिय विनोदी स्तंभलेखकाने त्यावर लिहिलं आणि दिवस जगभर गेला.

यात एक गंमत आहे. ज्याला आपण ‘चाच्यांची बोली’ समजतो, तिचा मोठा वाटा रॉबर्ट न्यूटन या ब्रिटिश नटाचा आहे. डिस्नेच्या १९५० सालच्या ‘ट्रेझर आयलंड’ सिनेमात त्याने लाँग जॉन सिल्व्हर रंगवला, तो हेल लोकांच्या डोक्यात बसला आणि पुढचे सगळे पडद्यावरचे चाचे तसेच बोलायला लागले.

आपल्यासाठी या दिवसाला दुसरी बाजूही आहे. ‘चाचा’ कुणाला म्हणायचं हे सांगणाऱ्यावर ठरतं. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांना इंग्रजांच्या कागदपत्रांत सर्रास चाचा म्हटलेलं आहे. याउलट १६९५ मध्ये मक्केहून सुरतेकडे परतणारं ‘गंज-ए-सवाई’ हे मुघलांचं जहाज लुटणारा हेन्री एव्हरी हा इंग्रजच होता. तेव्हा या दिवशी कुणी आंग्र्यांचा फोटो ‘पायरेट’ म्हणून टाकला, तर कमेंटमध्ये काय लिहायचं ते आता माहीत झालं.

१४ मार्च : पाय दिवस. अमेरिकेत तारीख लिहिताना आधी महिना, मग दिवस लिहितात. त्यामुळे १४ मार्च होतो ३/१४, म्हणजे गणितातल्या पायचे पहिले तीन आकडे. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयातले भौतिकशास्त्रज्ञ लॅरी शॉ यांनी १९८८ मध्ये तो पहिल्यांदा साजरा केला. गोल फिरायचं आणि गोल ‘पाय’ खायचा, इतका साधा कार्यक्रम होता. पुढे या थट्टेला मान मिळाला. युनेस्कोने २०१९ मध्ये हाच दिवस आंतरराष्ट्रीय गणित दिवस म्हणून जाहीर केला. आइन्स्टाइनचा जन्मही १४ मार्चचाच, १८७९ चा.

पण आपण तर आधी दिवस आणि मग महिना लिहितो. मग आपला पाय दिवस कुठला? २२ जुलै, म्हणजे २२/७. शाळेत वर्तुळाचं क्षेत्रफळ काढताना वापरलेला तोच अपूर्णांक. आणि गंमत अशी, की ३.१४ पेक्षा २२/७ हा पायच्या खऱ्या किमतीला जास्त जवळचा आहे. अभिमानाचा मेसेज टाकायचाच असेल तर आर्यभटाचा टाका. इसवी सन ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आर्यभटीया’त त्याने दिलेल्या नियमातून ही किंमत ३.१४१६ येते, आणि ही जवळपासची किंमत आहे असंही त्याने तिथे नोंदवलंय.

२५ मे : टॉवेल दिवस. या दिवशी काही लोक दिवसभर खांद्यावर टॉवेल टाकून फिरतात. आपल्याकडे तो उन्हाळ्यातला नेहमीचा पोशाख आहे, पण तिकडे ती एका लेखकाला वाहिलेली आदरांजली आहे. ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ या पुस्तकात डग्लस ॲडम्सने अंतराळात भटकणाऱ्यासाठी टॉवेल ही सगळ्यांत उपयोगी वस्तू ठरवली होती. ११ मे २००१ रोजी ॲडम्स गेला आणि बरोबर दोन आठवड्यांनी चाहत्यांनी पहिला टॉवेल दिवस केला.

१७ जुलै : इमोजी दिवस. इमोजीपीडिया ही वेबसाइट काढणाऱ्या जेरेमी बर्जने २०१४ मध्ये हा सुरू केला. १७ जुलैच का? ॲपलच्या फोनमधल्या कॅलेंडरच्या इमोजीवर तीच तारीख छापलेली असते म्हणून. ॲपलने आपलं कॅलेंडर ॲप २००२ मध्ये याच दिवशी जाहीर केलं होतं.

सिनेमा आणि टीव्हीने दिलेले दिवस

४ मे : स्टार वॉर्स दिवस. हा शुद्ध शाब्दिक कोटीवर उभा आहे. सिनेमातल्या प्रसिद्ध शुभेच्छेतलं ‘मे द फोर्स’ आणि तारखेचं ‘मे द फोर्थ’ ऐकायला सारखंच. ही कोटी पहिल्यांदा ठळकपणे छापून आली ती राजकारणात. ४ मे १९७९ रोजी मार्गारेट थॅचर ब्रिटनच्या पंतप्रधान झाल्या, तेव्हा त्यांच्या पक्षाने लंडनच्या एका वर्तमानपत्रात अभिनंदनाच्या जाहिरातीत ती वापरली. पहिला ‘स्टार वॉर्स’ सिनेमा मात्र प्रदर्शित झाला होता २५ मे १९७७ रोजी, म्हणजे टॉवेल दिवसाच्या तारखेला.

२३ डिसेंबर : फेस्टिव्हस. ‘साइनफेल्ड’ या अमेरिकन मालिकेच्या १९९७ मधल्या एका भागात ख्रिसमसच्या खरेदीला वैतागलेला एक बाप स्वतःचाच सण काढतो. झाडाऐवजी ॲल्युमिनियमचा साधा खांब, आणि जेवणाच्या टेबलावर वर्षभराच्या तक्रारी तोंडावर सांगायचा विधी. ही कल्पना मालिकेच्या एका लेखकाच्या घरातूनच आली होती, त्याच्या वडिलांनी खरोखर असा सण चालू केला होता. आज तो लोक खऱ्या घरांत करतात.

मेक्सिकोची मिरवणूक. मेक्सिकोत मृतांचा सण जुनाच आहे, घरी आणि दफनभूमीत साजरा होणारा. पण मेक्सिको सिटीत सांगाड्यांच्या वेशातली जी भव्य मिरवणूक आपण रीलमध्ये बघतो, ती अगदी अलीकडची. २०१५ च्या ‘स्पेक्टर’ या जेम्स बाँडपटाच्या सुरुवातीला अशी मिरवणूक दाखवली होती. ती सिनेमासाठी रचलेली होती. पर्यटक आता ती शोधत येणार, हे ओळखून शहराने २०१६ पासून खरोखरच मिरवणूक काढायला सुरुवात केली.

यावर हसण्याआधी १९७५ आठवा. ‘शोले’ आला त्याच वर्षी ‘जय संतोषी माँ’ आला, छोट्या बजेटचा. लोक थिएटरमध्ये चपला काढून बसायचे, पडद्यावर फुलं आणि नाणी उधळायचे. संतोषी मातेचं शुक्रवारचं व्रत आधीपासून होतं, पण ते घरोघरी पोचलं ते या सिनेमामुळे. शुक्रवारी आंबट खायचं नाही, हे आपल्यापैकी कितीजणांच्या आईने किंवा आजीने पाळलं असेल, हिशोब करा.

धंद्यातून वाढलेले दिवस

फ्रेंडशिप डे. ऑगस्टचा पहिला रविवार म्हणून आपण जो साजरा करतो, त्याची मुळं गेल्या शतकातल्या अमेरिकेतल्या शुभेच्छापत्रांच्या धंद्यात आहेत. आपल्याकडे मनगटभर बँड बांधायची लाट उसळायला १९९८ चा ‘कुछ कुछ होता है’ कारणीभूत ठरला, असं त्या पिढीचा कुणीही सांगेल. संयुक्त राष्ट्रांनी मात्र २०११ मध्ये ३० जुलै हा आंतरराष्ट्रीय मैत्री दिवस ठरवला. त्यामुळे दरवर्षी ‘खरा दिवस कुठला’ हा वाद होतो. उत्तर सोपं आहे : ३० जुलै हा ठरावाचा, पहिला रविवार हा सवयीचा. शुभेच्छा दोन्ही दिवशी चालतात.

११ नोव्हेंबर : सिंगल्स डे. ११/११, म्हणजे चार एकटे एकडे. चीनमध्ये नानजिंग विद्यापीठातल्या मुलांनी १९९० च्या दशकात एकट्या राहणाऱ्यांसाठी ही गंमत सुरू केली, असं सांगतात. २००९ मध्ये अलीबाबा या कंपनीने त्या दिवशी सेल लावला आणि बघता बघता तो जगातल्या सगळ्यांत मोठ्या ऑनलाइन खरेदीच्या दिवसांपैकी एक झाला. दक्षिण कोरियात सिंगल लोकांचा दिवस वेगळा, १४ एप्रिल. व्हॅलेंटाईनला काही मिळालं नाही, ते त्या दिवशी काळ्या सॉसमधले नूडल्स खातात.

मदर्स डे. या दिवसाची गोष्ट जरा चटका लावणारी आहे. ॲना जार्विस या अमेरिकन बाईने आपल्या आईच्या आठवणीत १९०८ मध्ये तो सुरू केला. तिच्या पाठपुराव्यामुळे १९१४ मध्ये मे महिन्याचा दुसरा रविवार अमेरिकेत अधिकृत ठरला. मग फुलवाले, मिठाईवाले आणि कार्डवाले त्यात उतरले. ॲनाला हे अजिबात पटलं नाही. आईला स्वतःच्या हाताने पत्र लिहा, विकतचं कार्ड काय देता, असं तिचं म्हणणं होतं. उरलेलं आयुष्य तिने स्वतःच सुरू केलेल्या दिवसाच्या बाजारीकरणाशी भांडण्यात घालवलं. १९४८ मध्ये ती गेली. येत्या मदर्स डेला स्टेटस ठेवण्याआधी आईला एक फोन केलात, तर ते ॲनाच्या मनासारखं होईल.

ठरावातून आलेले दिवस

संयुक्त राष्ट्रांचा ‘आंतरराष्ट्रीय दिवस’ असा सहज लागत नाही. एखादा देश प्रस्ताव मांडतो, बाकीचे पाठिंबा देतात आणि आमसभा ठराव करते. योग दिवसाचा ठराव ११ डिसेंबर २०१४ ला झाला, भारताच्या प्रस्तावाला १७७ देश सहप्रस्तावक होते आणि पहिला योग दिवस २१ जून २०१५ ला झाला. काही दिवस युनेस्कोसारख्या संस्थाही जाहीर करतात.

यादीत ऐकायला विनोदी वाटणारे दिवस भरपूर आहेत. २ मे ट्यूना माशाचा, ३० मे बटाट्याचा, २१ मे चहाचा, १० फेब्रुवारी डाळींचा. पण प्रत्येकामागे पोटापाण्याचा प्रश्न आहे. चहाचा दिवस आसाम आणि श्रीलंकेतल्या मळ्यांत राबणाऱ्यांचा आहे, ट्यूनाचा दिवस बेसुमार मासेमारीबद्दलचा आहे.

सगळ्यांत जास्त थट्टा होते ती १९ नोव्हेंबरच्या शौचालय दिवसाची. सिंगापूरच्या जॅक सिम यांनी २००१ मध्ये वर्ल्ड टॉयलेट ऑर्गनायझेशन काढली, ते नावही मुद्दाम हसू यावं असंच ठेवलं. लोक ज्या विषयावर बोलायला लाजतात, त्यावर आधी हसू द्या, मग ते ऐकतील, हा त्यांचा हिशोब. २०१३ मध्ये सिंगापूरच्या प्रस्तावावर संयुक्त राष्ट्रांनी तो दिवस स्वीकारला.

आणि रॉक संगीताच्या चाहत्यांसाठी : ३० जून हा लघुग्रह दिवस. १९०८ मध्ये याच तारखेला सैबेरियात तुंगुस्का इथे आकाशात प्रचंड स्फोट होऊन जंगल आडवं झालं होतं. हा दिवस सुरू करणाऱ्यांत क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे आहे. तो खगोलभौतिकीचा डॉक्टरही आहे, मानद पदवीवाला नव्हे, प्रबंध लिहिलेला.

सरकारी दिवस फसतातही. २०२३ मध्ये भारतीय पशु कल्याण मंडळाने १४ फेब्रुवारीला ‘काऊ हग डे’, म्हणजे गाईला मिठी मारायचा दिवस पाळायचं आवाहन केलं. मीम्सचा इतका पाऊस पडला, की १० फेब्रुवारीलाच आवाहन मागे घेतलं गेलं. पाळला जाण्याआधीच संपलेला हा दिवस.

आपल्याकडे काय कमी आहे?

अमेरिकेत २ फेब्रुवारीला पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावात फिल नावाचा ग्राउंडहॉग, म्हणजे खारीच्या कुळातला एक गुबगुबीत प्राणी, बिळातून काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर थंडी आणखी सहा आठवडे. १८८७ पासून हे चालू आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात, भोवती धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यात झालेले बदल बघून पाऊस-पिकाचं भाकीत सांगतात. सोहळा म्हणून दोन्ही बघण्यासारखे. फक्त फिल चुकला तर कुणाचं बियाणं वाया जात नाही. पेरणीचा निर्णय घ्यायचा असेल तर हवामान खात्याचा अंदाजच बघावा.

सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यातल्या सुखेड आणि बोरी या गावांत नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ‘बोरीचा बार’ भरतो. ओढ्याच्या दोन काठांवर दोन गावांतल्या बाया उभ्या राहतात आणि वाद्यांच्या गजरात एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. झालं की शांतपणे घरी. फेस्टिव्हसच्या तक्रारी यापुढे मिळमिळीत वाटतात.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत आणि बडग्यांची मिरवणूक निघते. बडगे म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला त्याचे पुतळे : कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी एखादा नेता. इंटरनेट यायच्या शंभरेक वर्षं आधीपासून नागपूरकर रस्त्यावर मीम काढत आले आहेत. गोव्यात आषाढात माशेलच्या देवकीकृष्ण मंदिरासमोर चिखलकाला होतो, तर २४ जूनला सांजावच्या दिवशी डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून लोक विहिरीत उड्या मारतात.

आणि गटारी? त्या दिवसाचं मूळ नाव दिव्यांची अवस. आषाढ अमावस्येला घरातले दिवे घासूनपुसून पुजायचे, ही जुनी रीत. श्रावण सुरू होण्याआधीची शेवटची मटण-पार्टी नंतर तिच्यावर स्वार झाली.

फॉरवर्ड करण्याआधी या चार खुणा बघा

इथवर गंमत होती. पण काही मेसेज गमतीचे नसतात, आणि ते आपल्याच हातून पुढे जातात.

पहिली खूण : भावना भडकवणारी तारीख. दर १४ फेब्रुवारीला मेसेज येतो, की भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना याच दिवशी फाशी झाली किंवा शिक्षा सुनावली, आणि तुम्ही प्रेमदिन कसला साजरा करता. दोन्ही चूक. शिक्षा सुनावली गेली ७ ऑक्टोबर १९३० रोजी आणि फाशी झाली २३ मार्च १९३१ रोजी, लाहोरमध्ये. राजगुरू आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खेडचे, ज्याला आज राजगुरुनगर म्हणतात. त्यांना मान द्यायचा तर आधी तारीख तरी बरोबर लिहावी. या मेसेजचा उपयोग हुतात्म्यांच्या स्मरणापेक्षा दुसऱ्याला लाज वाटायला लावण्यासाठीच जास्त होतो.

दुसरी खूण : ‘८२३ वर्षांतून एकदा’. या महिन्यात पाच शुक्रवार, पाच शनिवार, पाच रविवार, असा योग ८२३ वर्षांनी येतो, दहा जणांना पाठवा म्हणजे पैसा येईल. भिंतीवरचं कॅलेंडर उघडा. ३१ दिवसांचा कुठलाही महिना शुक्रवारी सुरू झाला की हे होतंच. मार्च २०२४ मध्ये झालं, ऑगस्ट २०२५ मध्ये झालं, मे २०२६ मध्येही तेच. आपण वापरतो ते इंग्रजी कॅलेंडर दर ४०० वर्षांनी जसंच्या तसं पुन्हा सुरू होतं, त्यामुळे ८२३ वर्षं वाट बघावी लागेल असा योग त्यात बसूच शकत नाही. फेब्रुवारीत ‘प्रत्येक वार बरोबर चार वेळा’ हाही चमत्कार म्हणून फिरतो. २८ भागिले ७ किती, एवढंच विचारा.

तिसरी खूण : ‘जागतिक’ हा शब्द. कुणीही कुठल्याही दिवसाला जागतिक म्हणू शकतं. अमेरिकेत तर शुल्क घेऊन दिवसाची नोंद करणाऱ्या खासगी वेबसाइटही आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या वेबसाइटवर आंतरराष्ट्रीय दिवसांची पूर्ण यादी असते, एक मिनिटात तपासता येते. यादीत नसला म्हणून दिवस वाईट ठरत नाही, चाच्यांचा दिवसही तिथे नाही. फक्त ‘युनोने जाहीर केलेला’ असं लिहू नये.

चौथी खूण : नावांची सरमिसळ. ही आपल्या घरातली. २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिवस. १९५२ मध्ये ढाक्यात बंगालीसाठी प्राण दिलेल्यांच्या आठवणीत युनेस्कोने तो १९९९ मध्ये जाहीर केला. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. १ मे महाराष्ट्र दिन, आणि राज्य सरकारच्या लेखी तोच मराठी राजभाषा दिनही. ‘२७ फेब्रुवारी, जागतिक मराठी राजभाषा दिन’ अशा शुभेच्छा दरवर्षी फिरतात, त्यात तीन दिवसांची मिसळ झालेली असते.

बाकी ज्या दिवसाने कुणाचं नुकसान होत नाही, तो खुशाल साजरा करा. २२ जुलैला घरातल्या शाळकरी मुलाला २२ भागिले ७ करायला लावा, १७ जुलैला आजोबांना इमोजीचे अर्थ समजावून सांगा, २१ मे रोजी एक चहा जास्त प्या. आणि आजच्या तारखेला काही सापडलंच नाही, तर चिंता नको. ॲना जार्विस असो की ओरेगनचे ते दोन मित्र, परवानगी कुणीच मागितली नव्हती.